वरणात डाळ किती?

खानदेशात ज्वारी दळायला टाकताना तिच्यात काळे उडीद घालतात. कुणी तीन वाट्यांना एक वाटी, कुणी चार वाट्यांना एक, आणि वर थोडं जाडं मीठ. त्या पिठाची ती कळण्याची भाकरी. तव्यावरून उतरली की तिच्यावर तेल, बाजूला ठेचा आणि फोडलेला कांदा. भाजी नसली तरी जेवण होतं. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की दोघांच्या प्रथिनांचा कस वाढतो असं आहारशास्त्र सांगतं, आणि त्यासाठी जे प्रमाण देतं तेही याच तीनास एकच्या आसपासचं आहे.

वरण-भात म्हणजे परिपूर्ण आहार, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की जोडी जमली म्हणजे काम झालं असं वाटायला लागतं. जोडी चांगली आहे यात वादच नाही. पण सगळी मेख प्रमाणात आहे, आणि बहुतेक घरांत डाळीची बाजू लंगडी पडते. ती किती पडते हे आकड्यांवरून सहज कळतं. पोळ्या मोजून खाणाऱ्यांनी आमटीतली डाळही एकदा मोजावी, म्हणून हा हिशेब.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ही आम्लं वीस प्रकारची. त्यातली अकरा शरीर स्वतः बनवतं, नऊ मात्र अन्नातूनच यावी लागतात. स्नायू, रक्त, त्वचा, पाचकरस यांतली प्रथिनं शरीर रोज नव्याने जुळवत असतं आणि त्या जुळणीला प्रत्येक आम्ल ठरलेल्या मापात लागतं. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याकडे बाकी सगळी अक्षरं ढिगाने असली आणि ‘क’चे खिळे मोजकेच असले, तर ‘क’ संपला की पान तिथेच अडतं. शरीरातही जे आम्ल सर्वात आधी संपतं ते बाकीच्यांना अडवून धरतं. उरलेली आम्लं पुढच्या आठवड्यासाठी साठवून ठेवायची सोय शरीरात नाही. ती इंधन म्हणून जळतात आणि त्यांच्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो.

गहू, ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ या सगळ्यांत आधी संपणारं आम्ल एकच, लायसिन. डाळी आणि कडधान्यांत लायसिन भरपूर असतं, पण मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधक असलेली दोन आम्लं तोकडी पडतात. ती दोन्ही धान्यात पुरेशी असतात. एकाचं उणं ते दुसऱ्याचं अधिक, म्हणून ही जोडी.

असं का, याचं उत्तर दाण्यात आहे. दाण्यातलं प्रथिन हा झाडाने आपल्या रोपासाठी बांधून दिलेला शिधा. गव्हातलं ग्लायडिन, मक्यातलं झीन, ज्वारीतलं काफिरिन ही एकाच घराण्यातली साठवणीची प्रथिनं, आणि त्यांत लायसिन जवळपास नसतंच. डाळींचा शिधा निराळ्या घराण्यातला. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून देतात, त्यामुळे त्यांच्या दाण्यात प्रथिनांची चैन असते. तूरडाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम, मूगडाळ आणि उडीदडाळीत २३-२४. ज्वारीत तेच १०, गव्हाच्या पिठात साडेदहा, तांदळात जेमतेम ८.

लायसिनची महती पहिल्यांदा उंदरांवरच्या प्रयोगांत दिसली. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेत मेंडेल यांनी वाढत्या वयाच्या उंदरांना प्रथिन म्हणून फक्त गव्हातलं ग्लायडिन दिलं. उंदीर जगले, वजन टिकलं, पण वाढ थांबली. त्याच खाण्यात लायसिन मिसळल्यावर ते पुन्हा वाढू लागले.

आता आकडे. मोठ्या माणसाच्या आहारात प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण ४५ मिलिग्रॅम लायसिन असावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. ज्वारीत ते २२ च्या आसपास भरतं, गव्हात पंचवीसेक, तांदळात ३७. तूर, मूग, हरभरा, उडीद यांत ६५ ते ७०. वाणाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे हे थोडं इकडेतिकडे होतं, पण चित्र बदलत नाही.

कळण्याची भाकरी या मापाने तपासू. ७५ ग्रॅम ज्वारी म्हणजे साडेसात ग्रॅम प्रथिन, त्यात लायसिन १६५ मिलिग्रॅम. २५ ग्रॅम उडीद म्हणजे पावणेसहा ग्रॅम प्रथिन, लायसिन जवळपास ३८०. दोन्ही मिळून सव्वातेरा ग्रॅम प्रथिन आणि ५४५ मिलिग्रॅम लायसिन, म्हणजे ग्रॅममागे ४१. नुसत्या ज्वारीत जे निम्म्यावर अडकलं होतं ते चौथाई उडदाने नव्वद टक्क्यांवर नेलं. गंधकाच्या आम्लांची गरज ग्रॅममागे २२ ची असते, तिथे हे पीठ आरामात पुढे आहे. म्हणजे धान्य-डाळीच्या ताटात खरी चिंता एकाच आम्लाची.

तांदळाची गोष्ट थोडी उलटी आहे. त्यात प्रथिनं सगळ्यांत कमी, पण जी आहेत त्यांचा कस बरा. त्यामुळे भाताला डाळ कमी पुरते. पाच भाग तांदूळ आणि एक भाग तूरडाळ घेतली तरी लायसिन ग्रॅममागे ४९ च्या घरात जातं. प्राथमिक शाळेच्या पोषण आहारात एका मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे, सहावी ते आठवीला १५० आणि ३०. हेही पाचास एकच. मुलांची गरज मोठ्यांपेक्षा जरा जास्त, ४८ ची आहे, तरी आपल्याकडे शाळेत मुख्यतः तांदूळ शिजतो म्हणून ते जमून जातं. हेच प्रमाण ज्वारीला लावलं तर कमी पडेल. वरण-भाताची कीर्ती काही प्रमाणात तांदळाच्या पुण्याईवर उभी आहे असं म्हणायला हरकत नाही. भाकरी-आमटीला ती आपोआप मिळत नाही.

आमटी बघा. चार माणसांच्या आमटीला बऱ्याच घरांत अर्धी वाटी तूरडाळ शिजते. वजनाने साठेक ग्रॅम, म्हणजे माणशी १५. त्याबरोबर दोन भाकऱ्या धरल्या तर पीठ शंभरेक ग्रॅम. जोडी तीच, पण प्रमाण तीनास एक सोडून सातास एकच्या जवळ गेलं. लायसिन ग्रॅममागे ३४ वर येतं, गरजेच्या तीन चतुर्थांश. पाहुणे आले की आमटीत पाणी वाढतं, डाळ वाढत नाही, तो भाग वेगळाच.

हे खड्डे भरायला फार काही लागत नाही. त्याच जेवणात डाळ दुप्पट केली, माणशी ३० ग्रॅम, तर ४१. डाळ तेवढीच ठेवून वाटीभर दही घेतलं तर ४२, कारण दुधातल्या प्रथिनात लायसिन ८० च्या आसपास असतं. म्हणजे घट्ट आमटी किंवा ताटात दही, दोन्हींतलं काहीही एक. एक अंडं किंवा मासळीचा तुकडा तर याहून जास्त देतो. कोकणात आणि गोव्यात भाताबरोबर मासळी खाणाऱ्यांना हा सगळा हिशेब करायचं कारण नाही. तो करायचा शाकाहारी दिवशी, नाहीतर पाव आणि अळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची गोव्यातली रस्साभाजी) समोर असेल तेव्हा. आणि तोणाक दाटच असतं, त्यामुळे तिथेही निभावतं.

तुम्ही म्हणाल, आजवर पातळ आमटीवर पिढ्या वाढल्याच ना! हा आक्षेप वजनदार आहे, कारण एकेकाळी शास्त्रज्ञांतही यावर जोरदार वाद झाला आणि त्यात आपल्या मातीतला माणूस अग्रभागी होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. तेव्हा जगभर ‘प्रथिनांची दरी’ हा परवलीचा शब्द झाला होता. गरीब देशांत प्रथिनांचं संकट येऊ घातलंय असा अहवाल खुद्द संयुक्त राष्ट्रांनी १९६८ मध्ये काढला होता. मासळीची पूड, तेलबियांच्या पेंडीचं पीठ, नाना तऱ्हेचे उपाय चालले होते. सुखात्म्यांनी आकडे मांडून विचारलं, माणूस पोटभर जेवतो तरी का? भारतातला रोजचा आहार पुरेसा मिळाला तर त्यात प्रथिनंही बहुतेक पुरेशी येतात. पोटच अर्धं राहिलं तर खाल्लेलं प्रथिनसुद्धा शरीर इंधन म्हणून जाळतं. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅकलॅरन यांनी त्या सगळ्या प्रकाराला प्रथिनांचा महाफजितवाडा म्हणावं अशा शब्दांत झोडपलं आणि वारं फिरलं.

सुखात्म्यांच्या मुद्द्यातला पहिला भाग आजही तसाच खरा आहे. पोट भरत नसेल तर लायसिन मोजण्यात अर्थ नाही. दुसऱ्या भागाखालची जमीन मात्र नंतर हलली. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे मोठ्या माणसाला किलो वजनामागे रोज १२ मिलिग्रॅम लायसिन पुरे होतं. ५५ किलोच्या बाईला ६६० मिलिग्रॅम. अडीचशे ग्रॅम ज्वारी-गव्हात सव्वासहाशेच्या आसपास मिळतंच, म्हणजे नुसत्या भाकरी-पोळीवर जवळजवळ भागलं! पुढे अमिनो आम्लांना ओळखखूण जोडून शरीरात त्यांचं काय होतं हे तपासायच्या पद्धती आल्या. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अनुरा कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांवर असे प्रयोग केले. इतर ठिकाणचे निष्कर्षही त्याच दिशेचे होते. २००७ मध्ये जागतिक मापदंड बदलला. १२ च्या जागी ३० आले. आता त्याच बाईला १६५० मिलिग्रॅम हवं, आणि भाकरी देते सव्वासहाशे. उरलेलं हजारभर कुठून तरी आणलं पाहिजे. डाळ ताटात असावी की नसावी एवढाच प्रश्न पूर्वी होता. किती असावी, हा या बदलानंतर आला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींचं दिवसभराचं ताट दिलंय. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (मांसाहारी असाल तर त्यातल्या काहींच्या जागी अंडी-मांस), दूध ३०० मिलिलिटर, बाकी भाज्या, फळं, तेल, दाणे. पुन्हा तीनास एक. ८५ ग्रॅम डाळीतून साधारण १९ ग्रॅम प्रथिन आणि १३०० मिलिग्रॅम लायसिन येतं. भाकरीचं धरून १९०० च्या वर. वनस्पतीतलं सगळं प्रथिन पचत नाही, पाचवा हिस्सा वगळला तर हातात पंधराशे-साडेपंधराशे उरतात. राहिलेलं दूध भरून काढतं. एवढी काटेकोर जुळणी आहे ती.

एक गैरसमज इथेच निकालात काढू. धान्य आणि डाळ एकाच घासात, निदान एकाच जेवणात पोटात गेली पाहिजे, असं अनेकांना वाटतं. १९७१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका गाजलेल्या पुस्तकाने ही कल्पना लोकांच्या मनात पक्की केली आणि दहा वर्षांनी लेखिकेनेच सुधारित आवृत्तीत ती मागे घेतली. स्नायूंत आणि आतड्यांत मोकळ्या लायसिनचा थोडा साठा असतो, तो काही तास सांभाळून घेतो. व्हर्नन यंग आणि पीटर पेलेट यांनी १९९४ मध्ये हे सविस्तर मांडलं. सकाळी पोहे आणि रात्री मुगाची उसळ, तरी दिवसाचा हिशेब जुळतो. लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचं पोट लहान, वाढ वेगात, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाटीत दोन्ही असलेली बरी. मऊ खिचडी आणि वर तूप, याला तोड नाही.

आता काही अनपेक्षित गोष्टी. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राने डाळींचाच भाऊबंद, पण लायसिनच्या बाबतीत तो धान्याच्या पंगतीला बसतो. त्याच्या प्रथिनात ते ३५ च्या आसपास. म्हणून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चवीला कितीही जमली तरी या हिशेबात एकाच उण्याची दोन माणसं शेजारी बसतात. तिळाचंही तसंच. मेथिओनिनने श्रीमंत, लायसिनने गरीब. तीळ डाळीला शोभतो, भाकरीला नाही. (चटणी खाऊ नका असं कुणी म्हणत नाही. ती उसळीऐवजी खाऊ नका.) उपासाची साबुदाण्याची खिचडी तर प्रथिनांपुरती बोलायची सोयच नाही. साबुदाण्यात ती नसल्यातच जमा, आणि दाण्याचा कूट लायसिनने कच्चा. त्यापेक्षा राजगिरा बरा. तो धान्यासारखा वागतो पण गवताच्या कुळातला नाही, त्याच्या प्रथिनात लायसिन ५० च्या वर असतं. राजगिऱ्याची भाकरी आणि दही हे उपासाच्या फराळातलं सगळ्यात शहाणं ताट.

पचनाचा भागही विसरून चालणार नाही. कच्च्या कडधान्यात प्रथिन पचवणाऱ्या रसांना अटकाव करणारे घटक असतात. भिजवणं, मोड आणणं आणि मुख्य म्हणजे नीट शिजवणं, यांनी ते कमी होतात. मोड आलेले मूग कच्चेच खाण्याची जी टूम आहे तिच्यापेक्षा कुकरची एक शिट्टी हिताची. मुगाची साल काढली की त्याचं प्रथिन जास्त पचतं, आजाऱ्याला सालीची न देता धुवा मूगडाळ देतात ते रास्तच आहे. इडली आणि आंबोळीच्या पिठात तांदूळ आणि उडीद रात्रभर आंबतात, त्याचाही फायदा होतो. उलट ज्वारीचं काफिरिन पाण्यात शिजलं की आणखी घट्ट होतं आणि पचायला जड जातं. आधीच लायसिन कमी, त्यात हे. तिची भाकरी खाणाऱ्याने उसळीला हात आखडता घेऊ नये, यामागे हेही एक कारण.

भाजण्याबद्दल थोडं सावध. पीठ तांबूस होताना जो खमंग वास सुटतो, तो अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या रासायनिक क्रियेचा. आणि या क्रियेत सर्वात आधी बळी जातं ते लायसिनच. थालिपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद सगळं एकत्र येतं, मिश्रण म्हणून ती अव्वल. फक्त डाळी मंद आचेवर, रंग बदलू लागेपर्यंतच भाजाव्यात. करपट भाजणीत डाळ घातल्याचा निम्मा फायदा चुलीतच जातो. मेतकुटालाही हेच लागू.

राहता राहिला पैसा. ८५ ग्रॅमच्या हिशेबाने एका माणसाला महिन्याला अडीच किलो आणि चौघांच्या घराला दहा किलो डाळी-कडधान्यं लागतात. किराण्याच्या यादीत तुमच्याकडे किती असतात ते बघा. अनेक घरांत तीन-चार किलोंवर यादी थांबते. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळतं, डाळ कायद्याच्या हक्कात नाही. त्यामुळे धान्य शिध्यावर आणि डाळ बाजारभावाने, अशी गरिबाच्या ताटाची विभागणी झालीय. तूर महागली की आमटी पातळ होते ती त्यामुळेच. पण लायसिनला तुरीचं कौतुक नाही. हरभरा, मटकी, मसूर, वाटाणा, हुलगा, चवळी, सगळी थोड्याफार फरकाने तेच काम करतात, आणि त्यातलं काही ना काही त्या त्या महिन्यात तुरीपेक्षा स्वस्त असतं.

स्वयंपाक न वाढवता डाळ वाढवायचे रस्तेही आहेत. पाच किलो गव्हाबरोबर किलोभर हरभरे दळून आणले तर पोळी जरा खरखरीत होते, पण होते. आठवड्यातून दोनदा आमटीच्या जागी दाट पिठलं. वरणफळं आणि चकोल्या, ज्यांत डाळीला पातळ व्हायची मुभाच नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. ज्यांना गॅसेसची तक्रार आहे त्यांनी मूग आणि मसुरापासून सुरुवात करावी, कडधान्याचं भिजवलेलं पाणी ओतून टाकावं, आणि एकदम दुप्पट न करता महिनाभरात हळूहळू वाढवत न्यावं.